सासर मानवलं

माझी ताई लग्न होऊन पेणजवळच्या जोह्यात गेली ती काडीसारखी. सासरी गणपतीचा कारखाना. तिथं तिनं आखणी शिकून घेतली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं; ब्रश एकदा टेकला की मागे घेता येत नाही. हंगामात मी रोह्याहून मदतीला जायची. पेणला उतरून एसटी, आणि पोचल्याबरोबर नोंदवलेल्या मूर्तींना चिठ्ठ्या लावणं, कारण ते काम माझ्याशिवाय कुणाला धड जमायचं नाही. ताई पाटावर बसून डोळे आखायची. दुपारी आम्ही दोघी मूर्तींच्या मधल्या बोळातच जेवायचो. ओल्या शाडूचा वास आला की मला अजून भूक लागते.

मग ताईचे गाल भरले. आमच्याकडे लग्न झालेली मुलगी अंगानं भरली की म्हणतात, सासर मानवलं. शेजारची काकू दारातूनच ओरडायची, "मानवलं गो तुला! गाल बघ, लाल लाल!" दीर म्हणायचा, "वयनी, हाय तशा बसा. तुमचाच साचा काढतो, पुढल्या वर्षी तुम्हालाच ओतू." ताईच सगळ्यात जास्त हसायची. आईला तर ऐकूनच धन्य वाटायचं.

मला मात्र ते जुळेना. पोट सुटलेलं, चेहरा वाटोळा, आणि हातपाय बारीक. जेवण निम्म्यावर आणलं तरी वजन वाढतंच. झोप नाही, साखर वाढलेली, जरा कुठं धडकलं तरी काळंनिळं. एका दुपारी पुढची मूर्ती घ्यायला उठताना ती म्हणाली, "हात दे गो." दिवसभर जमिनीवर बसणारी माझी बहीण दोन्ही हात टेकूनही उठू शकली नाही. दुसऱ्याच दिवशी मी तिला पेणला नेलं.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि जुना फोटो मागितला. माझ्या मोबाइलमध्ये लग्नातला होता. तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरून ते बघतच राहिले. मोठ्या तपासण्या मुंबईला झाल्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यात बारीकशी गाठ निघाली.

"मेंदूत गाठ, तर गाल कशाला सुजतील?" आईनं विचारलं.

"तुझा धाकटा जावई धाटावच्या कंपनीत शिफ्टला जातो ना? भोंगा झाला की कामाला, संपला की घरी," मी म्हटलं. "तसं ही ग्रंथी रक्तातून निरोप धाडते, मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथी ताणाचं हार्मोन सोडतात. सकाळी जास्त, रात्री कमी. संकट आलं तर जादा. ताईच्या गाठीनं भोंगा बंदच होऊ दिला नाही. शरीराला वाटतं, सारखं संकट. म्हणून ते साखर वाढवतं, हातापायांचं मांस झिजवतं, पोटागालावर चरबी चढवतं."

आई म्हणाली, "म्हंजे सासर मानवलं नाय?"

"मानवलंय गं. हे दुसरंच आहे."

नाकातून ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण इतके दिवस गाठच भोंगा वाजवत असल्यामुळे उरलेल्या ग्रंथीला कामच नव्हतं, ती झोपलेली होती. ती जागी होईपर्यंत ते हार्मोन गोळ्यांतून घ्यायचं, ताप आला की डॉक्टरांनी सांगितलं तेवढं वाढवून. गोळ्यांच्या वेळा मी लावून दिल्या. ताईला कप उचलायचाही थकवा. त्या हंगामात डोळे दुसऱ्यानं आखले, ती खाटेवरून बघत राहिली. "मी परत बसेन काय गो खाली?" तिनं विचारलं. एरवी माझ्याकडे सगळ्याचं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी गोळ्यांची डबी परत लावायला बसले.

पुढल्या हंगामात मी गेले तेव्हा ताई पाटावर होती. हनुवटी परत आली होती, लग्नातल्या फोटोतली. काकू दारात आली आणि कळवळली, "अगो, काय ही वाळलीस! सासर मानवेना झालं काय?"

ताईनं आखत होती तो डोळा पुरा केला, मगच मान वर केली.

"आता मानवलं, काकू," ती म्हणाली आणि पुढची मूर्ती बघायला उठली. एका हातात ब्रश, दुसऱ्यात रंगाची वाटी. तिला धरायला पुढे केलेला माझा हात तसाच राहिला.