शेवटचं सांगितलेलं

ग्रंथालयातले संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. शिकवायची हौस दांडगी, शिकायची बेताचीच. नवे प्रोग्राम बसवायला त्याने स्वतः एक साधन लिहिलं होतं, आणि त्याचं कौतुक तो आल्यागेल्याला ऐकवी.

तीन वर्षांपूर्वी सूची विभागातल्या ताईंनी विचारलं होतं, "मास्तर, याला 'जुनं ठेव' आणि 'जुनं पूस' असं दोन्ही एकदम सांगितलं, तर?"

"शेवटचं सांगितलेलं ऐकतं. पण असं सांगणारं शहाणं कोण भेटणार, ताई?"

सगळे हसले. ताईही हसल्या.

गेल्या सोमवारी मास्तर रजेवर होता आणि ताईंच्या संगणकावर नवा प्रोग्राम बसेना. त्यांनी फोन केला. मास्तरने घास चावता चावता उंटावरून शेळ्या हाकल्या: "माझ्या कागदावरची आज्ञा जशीच्या तशी टाका, आणि शेवटी 'जुनं पूस' जोडा." नोंदी राहाव्यात म्हणून 'जुनं ठेव' त्या कागदावर त्यानेच छापलं होतं, याचा त्याला साफ विसर पडला. साधनाने निमूट शेवटचं ऐकलं आणि ताईंच्या नोंदी पुसून टाकल्या. राखीव प्रत निघाली चार महिन्यांपूर्वीची. ताईंचं तेवढं काम पाण्यात गेलं.

मंगळवारच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "आज्ञा कोणी टाइप केली?"

"मी," ताई म्हणाल्या.

फोनचं त्या बोलल्या नाहीत. मास्तर बोलेल म्हणून थांबल्या असाव्यात. मास्तर मूग गिळून कपातल्या चहाकडे बघत राहिला. ताईंची बदली पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीवर झाली.

त्या दुपारी त्याने साधन दुरुस्त केलं. वीस मिनिटं लागली. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की घरी बायकोने "काय झालं?" विचारलं, तर तो तिच्यावरच खेकसला.

बुधवारी ताई आपल्या जागी आलेल्या नव्या बाईंना काम समजावत होत्या; मास्तर शेजारीच उभा होता. त्यांनी मुद्दाम दोन्ही पर्याय टाकले. पडद्यावर आलं: 'हे दोन पर्याय एकमेकांच्या उलट आहेत. एकच निवडा.'

"म्हणजे हे करता येत होतं," ताई म्हणाल्या.

"हो."

"आणि काल बोलताही येत होतं."

मास्तर तडक साहेबांच्या खोलीकडे गेला. साहेब जेवायला गेले होते. परत फिरायला एवढं निमित्त एरवी त्याला पुरलं असतं. तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला.