कोंड्यात ठेवलेली पेटी आणि माझ्या खिशातली पक्कड

चार महिन्यांपूर्वी मी स्वतःसाठी एक महागडी वस्तू घेतली. खिशात मावणारी, स्टीलची, घडीची पक्कड. उघडली की तिच्या मुठींतून दोन पाती, कात्री, कानस, बोटभर करवत आणि तीन पेचकस निघतात. घरी मी तिची खरी किंमत सांगितलेली नव्हती. चार महिन्यांत तिने कुरिअरची खोकी फोडली आणि एकदा गॅसच्या शेगडीचं बटण घट्ट केलं, बस्स. "वापरायची तर कुठेतरी जा तरी," नवरा म्हणाला.

त्याच आठवड्यात प्रमिलाचा फोन आला. प्रमिला माझी नागपूरच्या होस्टेलमधली मैत्रीण. आता गोंदियाजवळच्या कामठ्यात राहते आणि शाळेत शिकवते.

"मामाच्या गावच्या मंडईले ये ना वं. मामा दोन वर्षांनी पेटीवर बसून राहिला."

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातली गावं आपापल्या ठरलेल्या दिवशी मंडई भरवतात. दुकानं लागतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीची बोलणी निघतात आणि दिवसाउजेडी उघड्यावर दंडार रंगते. दंडार म्हणजे गाणं, नाच आणि सोंगं, सगळं एकात. प्रमिलाचे मामा, सदाराम, गावच्या दंडारीत तीस वर्षं पेटी वाजवत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात म्हणजे भात्याचा हात. आता तो पुन्हा हलायला लागला होता. मी तीन दिवसांची रजा टाकली.

नागपूरहून गोंदियाला दिवसभर गाड्या आहेत, दोन-अडीच तास लागतात. सकाळची गाडी धरा, बसायला जागा मिळते. स्टेशनवर सामान तपासणाऱ्या माणसाने माझी पिशवी थांबवली.

"मॅडम, ये क्या है?"

"पक्कड."

त्याने ती उघडली, एकेक पातं बाहेर काढून पाहिलं आणि परत देताना म्हणाला, "अच्छी चीज है. मेरी घड़ी का पट्टा ढीला है, हो जाएगा क्या?" झालं. मला बरं वाटलं. प्रवासाची सुरुवातच दुरुस्तीने झाली.

गोंदियाला उतरलात तर स्टेशनबाहेर तर्रीपोहे खा, पन्नास रुपयांत दोघांचं पोट भरतं. बाजारात बोलायचं तर हिंदीची तयारी ठेवा. शहरातून बाहेर पडताना राइस मिलच्या चिमण्या आणि त्यांच्यामागे कोंड्याचे पिवळे ढीग दिसतात. हवेत उकडलेल्या धानाचा वास असतो. प्रमिला स्कूटर घेऊन आली होती. कामठा अर्ध्या तासावर.

तिच्या ओसरीवर मी पक्कड काढली ती स्कूटरचा हलणारा आरसा आवळायला. दहा मिनिटांत शेजारपाजारचे जमले. एका आजोबांच्या चष्म्याची काडी बसवली, एका शिलाई मशीनचा गंजलेला स्क्रू काढला. मग प्रमिलाने तळ्यातले ताजे शिंगाडे पुढ्यात ठेवले आणि मी ऐटीत लहान पातं उघडलं. माझे तीन शिंगाडे सोलून होईतो शेजारच्या बाईंनी विळ्यावर एक वाटी भरली होती.

"ताई, हे खेळनं घरी लेकराले द्या," त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणात नव्या तांदळाचा भात आणि झिंगे घातलेली वांगी होती. या भागात याल तेव्हा हे चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही निघालो. आमगाववरून सालेकसा, स्कूटरवर दीड तास. आमगावला पेट्रोल भरून घ्या, पुढे जंगलपट्टी सुरू होते. रस्ता चांगला आहे, पण या दिवसांत अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलेलं असतं, त्यामुळे वेग बेतानेच ठेवा. शेतांत कापणी चालू होती. सालेकस्याच्या अलीकडे उजवीकडे वळलो, मोहाची झाडं लागली आणि दहाच्या सुमारास मामांचं घर आलं.

अंगणात पाहुणे बसतील असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मामा खाटेवर एकटे बसले होते आणि त्यांच्यापुढे पत्र्याची पेटारी उघडी होती. शेवंतामामी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडात. पेटारीत काठोकाठ धानाचा कोंडा होता आणि कोंड्यात हार्मोनियम पुरलेली होती.

"ओल लागू नये म्हून ठेवली जी," मामी म्हणाल्या. "पावसात भिंती पाझरतात. बियानं ठेवतो कोंड्यात, अंडी ठेवतो, काही होत नाही. म्हनलं, पेटीबी सुकी राहीन. हे तं बाजेवर पडून होते तवा."

हे खरंच होतं. पेटीला ओल लागलेली नव्हती, एक खिळा गंजलेला नव्हता. फक्त मामांनी भाता हलवला तेव्हा कुठल्याही पट्टीला बोट न लावता चार सूर एकदम ओरडायला लागले. हात थांबवेपर्यंत ते थांबेनात.

"मामा, राइस मिलचा भोंगा झाला," प्रमिला म्हणाली. कोणी हसलं नाही.

मामा इतके दिवस गुडघ्यावर हात मागेपुढे करून भात्याचा सराव करत होते. पेटी मंडईच्याच दिवशी काढायची असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात दंडार मंडळाचे मुख्य गायक गणपतभाऊ आले. डोक्याला फेटा, तोंडावर अर्धा रंग. त्यांनी भोंगा रस्त्यावरूनच ऐकला होता.

"सदारामभाऊ, राग नोको मानू. लोकं येऊन राहिले. एक वाजेपर्यंत पाहतो. नाही झालं तं कॅसिओवाला सांगून ठेवला हाय."

"आजच्यापुरता?" मामांनी विचारलं.

गणपतभाऊंनी फेट्याचा शेव नीट केला. "खोटं कायले बोलू? एकदा तो बसला का मंडळ म्हनन, तोच बरा. त्याले भाता नाही, दुखनं नाही. मंग पुढच्या गावाले मी तुयं नाव कसं घेऊ?"

ते गेले. सव्वादहा झाले होते. वर्तमानपत्रातल्या माझ्या नोकरीत वेळेच्या आत पान सोडायचं असतं, त्यामुळे असं घड्याळ समोर असलं की माझं डोकं शांत चालतं. मी पक्कड काढली.

मामा पेटीचे जाणकार, पण दोन्ही हातांचं काम त्यांना जमणार नव्हतं. ते सांगणार, मी करणार. मी पक्कड त्यांच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

"हातात नोको देऊ. पातं हाय त्याले. खाली ठेव, मंग मी उचलतो. नाहीतं भांडन होते."

मग दोन-अडीच तास आमचा तोच शिरस्ता. ती चटईवर ठेवायची, त्यांनी उचलून पाहायची, पुन्हा ठेवायची, मी घ्यायची.

पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टीखाली हवेचं भोक झाकणारी चामड्याची गादी असते. चार गाद्यांखाली कोंड्याची फोलं अडकली होती, म्हणून ते सूर बंद होत नव्हते. ती झटकली. दोन स्प्रिंगा जागच्या सरकल्या होत्या, त्या पकडीच्या बारीक टोकाने पुन्हा बसवल्या. माझा उत्साह वाढला. पितळी सुरांची फळी सोडवून उलटी केली. प्रत्येक सुराला एक पातळ जीभ असते, ती थरथरली की आवाज निघतो. जिभांच्या फटींत कोंड्याची बारीक कुसं भरली होती. मी लहान पात्याचं टोक एका जिभेखाली घातलं आणि उचललं.

टिक असा आवाज झाला. जीभ वाकून उभी राहिली ती राहिलीच.

"कोनता हाय?" मामांनी विचारलं.

मी मोजलं. "मधली पांढरी चार."

प्रमिलाने माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "मंडळ त्याच सुरातून गाते." दंडारीची सगळी गाणी ज्या सुरावर उभी राहतात, नेमका तोच मी मारला होता.

मी पक्कड मिटली. खरं सांगते, त्या क्षणी मला ती पिशवीत टाकून घरी जावंसं वाटलं.

"लोखंड नोको आता," मामी पहिल्यांदाच चौकटीपासून हलल्या. त्या बिड्या वळतात. कोनाड्यातलं सूप त्यांनी खाली घेतलं, तेंदूपानांच्या बाजूला पडलेली दोऱ्याची गुंडी उचलली आणि हातभर दोरा तोडला. पहिल्या जिभेखालून दोरा सरकवला, दोन्ही टोकं धरली आणि अलगद ओढला. कोंड्याचं कुस दोऱ्यासोबत बाहेर आलं. जीभ जशीच्या तशी.

"असं?" त्यांनी मामांकडे पाहिलं.

"असंच," मामा म्हणाले. "हळू."

"मले शिकवू नोका हळू. दिवसाले हजार बिड्या बांधते मी."

मग एकामागून एक सूर. मी फळी उजेडात धरून बसले, प्रमिलाने फुंकर मारली, मामींची बोटं चालत राहिली. पाऊण तासात सगळे सूर मोकळे झाले. फळी परत बसवताना एका स्क्रूचं भोक सैल झालेलं निघालं, स्क्रू नुसताच फिरत होता. इथे मात्र माझ्या पकडीचं चीज झालं. कुडाच्या बांबूची कपची काढली, पात्याने तासली, कानशीने गोल केली, भोकात ठोकली. स्क्रू घट्ट बसला. मामांनी पक्कड चटईवरून उचलली, कानशीवर अंगठा फिरवला आणि ठेवली. "हे बरी हाय," म्हणाले.

पाऊण वाजता पेटी उभी राहिली. मामांनी डावा हात उजव्या हाताने उचलून भात्यावर ठेवला. भाता हलला. भोंगा नाही. त्यांनी बोटं फिरवली, सूर गोड आले, फक्त पांढरी चारवर नुसता वारा. मग त्यांनी सगळी बोटं एक पांढरी पुढे, म्हणजे एक सूर वर, सरकवून तीच चाल पुन्हा वाजवली. मेलेला सूर त्या चालीत लागलाच नाही.

गणपतभाऊ दारात आले होते, आता पूर्ण रंगलेले.

"पांढरी पाच धरू," मामा म्हणाले.

"पाच? माझा आवाज फाटन ना भाऊ!"

"फाटला तं शिवू. ताईजवळ सामान हाय."

गणपतभाऊ हसले, पण घाबरलेही होते. कॅसिओवाल्याला निरोप गेला, बसून राहा. म्हणजे मामाच वाजवणार हे अजून ठरलेलं नव्हतं.

शाळेच्या पटांगणात बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मागे पाळणा आणि भज्यांची गाडी. पहिल्या गाण्यात गणपतभाऊंचा आवाज खरंच चिरकला आणि लोक हसले. मामांनी मान वर केली नाही, सूर धरून ठेवला. दुसऱ्या गाण्यात गणपतभाऊ डोळे मिटून वर चढले आणि तिथेच राहिले. मागे भज्यांच्या गाडीशी उभी असलेली माणसं पुढे येऊन बसली. चौथ्या गाण्यात मामांचा डावा हात सुटला. ढोलकीवाल्याने ते पाहिलं आणि ठेका वाढवला. मामांनी हात मांडीवर घासला, पुन्हा भात्यावर ठेवला, छोटे छोटे हेलकावे देत गाणं पुरं केलं. कॅसिओवाला शेवटी यंत्राचं कव्हर न काढताच मामांशेजारी येऊन बसला आणि पाहत राहिला.

संध्याकाळी ओसरीवर उडदाचे वडे खाताना मी मामांची माफी मागितली.

"काऊन घाबरून राहिली? दंडार झाली ना," ते म्हणाले. मग त्यांनी पकडीची किंमत विचारली. मी पहिल्यांदाच कोणाला तरी खरी सांगितली.

"एवढ्यात दुसरी पेटी आली असती जी!" मामी ओरडल्या, आणि सगळी ओसरी हसली.

वाकलेला सूर मी कागदात बांधून घेतला, नागपूरला तसाच करून आणायला. दुसऱ्या दिवशी सकाळी हाजरा धबधबा पाहिला. पाणी उतरतं होतं, पण गर्दी नव्हती. सालेकस्याहून गोंदियाला गाडी मिळते, वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवा. मंडईला जायचं असेल तर ओळखीच्या माणसाकडून गावाचा दिवस विचारून निघा, कारण तो दर गावाचा वेगळा असतो. एका माणसाचा तीन दिवसांचा खर्च, राहणं मैत्रिणीकडे धरून, हजार रुपयांच्या आत.

आणि पक्कड घ्यायची असेल तर चांगली घ्या. कुलूप बसणारं पातं, हाताला न टोचणाऱ्या मुठी आणि नीट दात असलेली कानस पाहून घ्या. ती खिशात होती म्हणून मी अनोळखी ओसऱ्यांवर बसले, लोकांनी आपल्या मोडक्या वस्तू दाखवल्या आणि त्यासोबत बरंच काही सांगितलं. पण जिथे पितळेची जीभ आहे तिथे आधी घरच्या माणसांना विचारा. नागपूरच्या कारागिरानेही तेच ऐकवलं, जरा कडक शब्दांत. नवा सूर करायला त्याने दहा दिवस मागितले.

दहा दिवस व्हायच्या आतच मामांच्या घरून प्रमिलाचा फोन आला. मंडळाला शेजारच्या गावच्या मंडईचं बोलावणं आलं होतं आणि गणपतभाऊ स्वतः मामांना न्यायला मोटरसायकल घेऊन आले होते. मी सांगितलं, सूर तयार होत आला आहे, आठवड्यात पाठवते.

पलीकडे प्रमिलाने ते मामांना ओरडून सांगितलं. उत्तर मला थेट ऐकू आलं.

"ताईले म्हना, सवडीनं पाठव. गनपत पांढरी पाचमधीच बरा गाते. तीस वर्षं मीच त्याले खाली धरून ठेवला व्हता."