सवारीची घ्यावी की मालाची?

गेल्या महिन्यात एका रविवारी जालन्यात बाबांसोबत इलेक्ट्रिक रिक्षा बघायला गेले होते. पुण्याहून दोन दिवसांची सुट्टी काढली होती आणि पर्समध्ये एक वही होती...

वहीचं सांगते. बाबांनी पंचवीस वर्षं नवीन जालन्यात हातगाडी ढकलली. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारातून, पोती भरायची आणि गावातल्या दुकानांत नेऊन टाकायची. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. सवारीची की मालाची, हे मात्र माझ्यावर आलं, कारण घरात शिकलेली मी एकटीच. बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "तू म्हणशील ती घेऊ, माय." ते मला माय म्हणतात.

ऐकायला किती छान वाटतं... मला मात्र महिनाभर धड जेवण गेलं नाही. एकदा सवारीची म्हणून पासिंग झालं की गाडी मालाची होत नाही, आणि मालाच्या गाडीत सवारी बसवता येत नाही. चूक माझी होणार आणि ती रोज चालवणार बाबा.

म्हणून वहीत सगळं लिहिलं. एका चार्जमध्ये किती जाते, बॅटरी किती टिकते, पुलाच्या चढावर भरलेली गाडी दमते का. शेवटी उत्तर मालाची गाडी असंच आलं. मोंढ्यातले व्यापारी बाबांना ओळखतात, काम शोधावं लागणार नाही. सवारीसाठी स्टेशनबाहेर उन्हात नंबर लावून बसावं लागतं.

शोरूममधल्या दादांना मी एकेक प्रश्न विचारत गेले. ते बाबांना म्हणाले, "काका, ताईंनी तर माझा पेपरच घेतला." बाबा म्हणाले, "लहानपणापासून असंच हाय तिचं. दुकानाच्या पाट्या वाचायची अन् चुका काढायची."

ते खरं आहे. शाळा सुटली की मी मोंढ्याच्या कोपऱ्यावर थांबायचे. माल टाकून आले की बाबा मला रिकाम्या हातगाडीवर बसवायचे... खाली गोणपाट, मांडीवर दप्तर. निघायच्या आधी दर वेळी विचारायचे, "बराबर बसली का, माय?" मी हो म्हटल्याशिवाय चाक हलायचं नाही. मग वाटेतल्या पाट्या मी मोठ्यानं वाचायचे आणि बाबा मागून ढकलत ऐकत यायचे.

सातवीत गेल्यावर मला लाज वाटायला लागली. मैत्रिणी बघतील म्हणून मी त्या कोपऱ्यावर थांबणं बंद केलं. बाबांनी कारण कधी विचारलं नाही... विचारलं असतं तर बरं झालं असतं.

असो. मालाच्या गाडीची ट्रायल झाली. मी फॉर्म भरायला घेतला, तेवढ्यात ते दादा म्हणाले, आलाच आहात तर सवारीची पण चालवून बघा. बाबांनी हँडल धरलं आणि मला मागं बसायला सांगितलं. मग मान वळवून म्हणाले, "बराबर बसली का, माय?"

इतक्या वर्षांनी... हो म्हणायला मला जरा वेळ लागला.

गाडी निघाली. आवाज जवळजवळ नाहीच. हातगाडीवर मी कायम पुढं आणि बाबा मागं, त्यामुळे गाडी चालवणारी त्यांची पाठ मी पहिल्यांदाच बघत होते. वळणावर लक्षात आलं, त्यांचा उजवा खांदा हलतच नव्हता. हँडलसोबत ते अख्खं अंग वळवत होते.

कधीपासून, असं विचारलं तर म्हणाले, झाली असतील दोन वर्षं. तेव्हा मला वहीत नसलेला प्रश्न सुचला. मोंढ्यात पोती भरायला हमाल असतात... पण दुकानापाशी ती कोण उतरवतं?

बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "गाडीवालाच उतरवतो. सवारी आपल्या पायानं उतरती, माय."

हे मला माहीत असायला हवं होतं. पंचवीस वर्षं त्यांनी तेच केलं... पण मी गाडी रिकामी झाल्यावरच त्यांना भेटायचे. आधी का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणाले, "तू इतकं लिहून आणलं. मंग मी मधी काय बोलू?"

सवारीची गाडी बुक केली. वही पर्समधून पुन्हा बाहेर काढली नाही.

मागच्या गुरुवारी गाडी घरी आली. आईनं व्हिडिओ कॉलवर दाखवली, झेंडूचा हार घातलेली. पहिली चक्कर आईच मारून आली होती, मागच्या सीटवर मधोमध बसून. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बघितलं.

काल बाबांशी बोलले. खुशीत होते. म्हणाले, एक मास्तर परतूरच्या गाडीनं येतात, ते रोज माझ्याच रिक्षाची वाट बघून राह्यलेत. बाकी सवाऱ्या मात्र घाईच्या. बराबर बसले का विचारलं की म्हणतात, काका, चला ना जल्दी.

इथं पुण्यात मी रोज शेअर रिक्षानं जाते. बसल्यावर क्षणभर कान पुढं जातात... मग गिअर पडतो आणि रिक्षा निघते. त्या बिचाऱ्या रिक्षावाल्यांना काय माहीत.

एक विनंती आहे. जालना स्टेशनला उतरलात आणि एखाद्या रिक्षावाल्या काकांनी मान वळवून विचारलं, बराबर बसले का... तर घाईत असलात तरी हो म्हणा. त्याशिवाय ते गाडी काढत नाहीत.