अण्णाचा हात आणि पाण्यावरचं भेंड

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. चाकणला एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्सला होतो. मशीन बंद पडलं की कुठंतरी कारण असतंच – बेल्ट गेलेला असतो, सेन्सरवर धूळ बसलेली असते, नाहीतर शिफ्टमधला कुणीतरी खोटं बोलत असतो. शोधत राहिलं की सापडतं. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात जे झालं त्याची मला भीती वाटत नाही. वैताग येतो. मी सगळ्या बाजूंनी शोधलं... आणि सापडलं नाही.

आमचं गाव परळी तालुक्यात, धर्मापुरीच्या रस्त्याला. गावापासून दोन किलोमीटरवर पाझर तलाव आहे. हवा स्वच्छ असली तर बांधावरून परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. बांधाच्या डाव्या अंगाला दोन बाभळी आहेत. त्यांच्या मधली सपाट जागा माझी बसायची.

माझा थोरला भाऊ अण्णा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. श्रावणात त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी नोकरी सोडून गावी आलो. शेत बघायचं, अण्णाला उठवायचं, बसवायचं. दिवाळीनंतर मला घरात कोंडल्यासारखं व्हायला लागलं तेव्हा वहिनीच म्हणाली, "भाऊजी, सकाळचं दोन तास तळ्यावर जात जावा. पयले दोघं भाऊ तिथंच पडलेले असायचे."

खरं होतं ते. गळ टाकायला मला अण्णानंच शिकवलं होतं. पण चाकणला गेल्यापासून मी काठी हातात धरली नव्हती. आता परळीहून नवी काठी आणली – रीळवाली, चांगली. तंगुसाचा दोरा, गळ, शिसं, सगळं नवं. पाण्यावर तरंगायला मात्र ज्वारीच्या ताटाचं सोललेलं भेंडच लावलं, कारण नुसत्या श्वासानंसुद्धा ते हलतं. मासा तोंड लावतो तेव्हा आधी भेंड थरथरतं, मग एकदम खाली जातं. त्याच क्षणी काठीला झटका द्यायचा. आधी दिला तरी गेला, नंतर दिला तरी गेला.

माझा दरवेळी जात होता. पहिल्या दिवशी तंगूस रिळात इतका गुंतला की अर्धा तास तो सोडवण्यातच गेला. दुसऱ्या दिवशी गळ बाभळीत. त्यानंतर रोज एकच प्रकार. भेंड न थरथरता सरळ खाली जायचं, मी झटका द्यायचो, आणि गळावर गांडूळ जसंच्या तसं. कुरतडलेलंही नाही. असं रोज तीन-चार वेळा. दहा दिवसांत एक चिलापीसुद्धा नाही, जी कुणालाही लागते.

शेजारी म्हशी पाण्यावर आणणारे नामदेवमामा रोज विचारायचे, "लागलं का काही?"

"न्हाई मामा."

"कावून बे? काठी तर लई भारी हाय." आणि हसत म्हशींमागे जायचे. अकराव्या दिवशी ती काठी गुडघ्यावर मोडायचं फक्त बाकी ठेवलं होतं.

त्याच दिवशी घरी आलो तर वहिनी दारातच उभी. "आज ह्यांचा हात हलला. उजवा."

मी पिशवी खाली टाकून आत गेलो. अण्णा छताकडे बघत पडलेला. हात उचलून बघितला – ओल्या टॉवेलसारखा. म्हटलं, "वहिनी, तुम्हाला भास झाला असंल."

"चार बारी हलला," ती म्हणाली. "असा." आणि तिनं मूठ करून हात मनगटातून वर झटकला.

तो झटका मी ओळखला. गळ टाकणारा माणूस तसाच देतो. आणि त्या सकाळी माझं भेंड चार वेळा गेलं होतं.

योगायोग. मीही तेच म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी वहिनीला सांगितलं, हात हलला की घड्याळ बघून कागदावर लिहून ठेवा. मी तळ्यावर मोबाईलमध्ये बघून वेळा टिपल्या. सात चाळीस. आठ दोन. आठ सव्वीस. घरी येऊन कागद बघितला. सात चाळीस, आठ दोन, आठ सव्वीस. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि त्या दिवशी जेवलोच नाही. राग येत होता. कुणावर, ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन चालू ठेवूनच बसलो. वहिनी अण्णाच्या खाटेजवळ, मी बाभळीखाली. रेंज येत-जात होती. बराच वेळ काही नाही. मग फोनमधून वहिनीचा आवाज आला, "ओढला बगा." मी भेंडाकडे बघितलं. ते स्थिर होतं. मनात म्हटलं, चला, संपलं एकदाचं. आणि एक आकडा मोजायला लागावा तेवढ्या वेळानं भेंड खाली गेलं.

म्हणजे हात आधी हलत होता. भेंड मागून जात होतं.

यात काय आलं ते माझ्यासारख्या अडाणी मेंटेनन्सवाल्यालाही कळलं. पुढच्या वेळी मी भेंडाकडे बघितलंच नाही. वहिनी "ओढला" म्हणाली की झटका. काठी वाकली. रोहू, दीडेक किलोचा. त्या सकाळी तीनदा "ओढला" आणि तीन मासे. नामदेवमामा म्हशी सोडून बघत उभे राहिले. मी बावीस वर्षांनी मासा धरत होतो आणि आनंद म्हणून काही होत नव्हता.

अंबाजोगाईहून दर बुधवारी एक फिजिओथेरपिस्ट यायचा. तरुण, मनानं चांगला. त्याला सगळं सांगितलं नाही, फक्त हात हलतो एवढंच सांगितलं. त्यानं तपासून बघितलं. "काका, यात अजून काहीच जोर नाही. कधी कधी स्नायू आपोआप आखडतो, घरच्यांना हालचाल वाटते."

"तुम्ही दोन तास थांबा," मी म्हटलं. "मी तळ्यावर जाऊन येतो."

"तळ्यावर कशाला?"

"काम आहे."

बिचारा थांबला. मी पळत जाऊन गळ टाकला. दोन तास भेंड खिळा मारल्यासारखं उभं. वहिनीचा फोन – "डॉक्टर निघाले." मी काठी गुंडाळायला उठलो आणि फोनमधून, "भाऊजी, ओढला!" भेंड गेलं. घराबाहेर डॉक्टरच्या मोटारसायकलचा आवाजही अजून ऐकू येत होता म्हणे. मी त्या काठावर बसून अशा शिव्या दिल्या की नामदेवमामांनी म्हशी पलीकडे वळवल्या.

व्हिडिओ काढायचा प्रयत्न केला. वहिनी मोबाईल रोखून बसली की हात हलायचा नाही. खाली ठेवला की हलायचा. भाचा, शेजारी, कुणीही साक्षीला बसला की सगळं गप्प. शेवटी लोक माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू लकवा अण्णाला नाही, मला झालाय. आणि वहिनी मात्र रोज रात्री जेवताना विचारायची, "हलतोय म्हंजे बरं होतील ना हो?"

म्हणून एका सकाळी ठरवलं, अण्णालाच तळ्यावर न्यायचं. हात आणि भेंड एका जागी, माझ्या डोळ्यांसमोर. रिक्षा सांगितली. मी आणि रिक्षावाल्यानं अण्णाला उचलून बाभळीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, मागं उशी लावली. वहिनी त्याच्या उजव्या हाताशी बसली. मी गळ टाकला.

एक तास. दीड तास. ऊन वर आलं. हात मांडीवर पडलेला, भेंड पाण्यावर पडलेलं. मी जागा बदलली, खोली बदलली, गांडूळ काढून कणीक लावली. काही नाही. चार महिन्यांचं सगळं तोंडाशी आलं.

"उचल की हात," मी अण्णासमोर उभा राहून म्हटलं. "घरी पडून उचलतोस, आणि इथं आणलं तर काय झालं? मी इथं येड्यासारखा उभा हाय. सगळं गाव हसतंय. एकदा उचल, म्हंजे मला कळंल तरी."

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "आजारी माणूस हाय तो."

मी काठी फेकून दिली. अण्णा माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड डावीकडे ओढलं गेलं, ओठ हलले, लाळ गळली. आणि तो म्हणाला, "बस."

श्रावणापासूनचा त्याचा पहिला शब्द. वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी खाली मातीत बसलो. आम्ही तिघं अकरा वाजेपर्यंत तसेच बसून राहिलो. भेंड हललं नाही, आणि मी ते बघतही नव्हतो.

त्या दिवसापासून हात बंद. घरी नाही, तळ्यावर नाही, एकदाही नाही. मला आता चिलापी लागते, मरळ लागते, भेंड आधी थरथरतं आणि मग जातं, जसं जायला हवं तसं. शब्द मात्र एकेक करून परत येतायत. फिजिओथेरपिस्ट म्हणतो, वाचा अशी येऊ शकते, यात नवल नाही. हाताबद्दल तो काही बोलत नाही, मीही विचारत नाही. माझ्याकडे एक कागद आहे, त्यावर वहिनीच्या अक्षरात तीन वेळा लिहिलेल्या आहेत. माझ्या मोबाईलमध्येही त्याच तीन वेळा आहेत. हे पुरावा म्हणून कुणाला दाखवू? कुणीही म्हणेल, मागाहून लिहिलं.

परवा संध्याकाळी वहिनी चहा टाकत होती. मी अण्णाजवळ बसलो होतो. म्हटलं, आता बोलतोय तर विचारावंच.

"अण्णा, तूच ओढत होतास का?"

त्यानं ओठ जुळवले. "न्हाई."

"मग कोण?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी शेकडो वेळा तेच विचारून त्याला कंटाळा आणलाय. मग म्हणाला, "पाणी."

मी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला. वहिनीनं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि पेला भरून आणला. अण्णानं डाव्या हातानं धरून दोन घोट घेतले, पेला परत दिला आणि डोळे मिटले. त्याला तहान लागली होती की त्यानं मला उत्तर दिलं, ते मला कळलेलं नाही.