प्रतिवादीचा पत्ता

पौषातल्या दुपारी आमच्या ओसरीवर ऊन असे काही उतरते, की जागेपणी पाहिलेल्या गोष्टींवरही नंतर पुरता विश्वास बसत नाही. त्या दुपारी मात्र मी संतापलेला होतो, म्हणून सारे लख्ख आठवते.

माझ्या बालमित्राने आमच्या शेताची वाट तारेचे कुंपण घालून बंद केली होती. वाट त्याच्या रानातून जाते हे मला मान्य आहे. परंतु आमच्या वडिलांच्याही आधीपासून तिच्यावरून आमच्या गाड्या गेल्या आहेत, आणि वहिवाटीचा हक्क तारा ओढल्याने संपत नाही, हे न्यायालयात जन्मभर कारकुनी केलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको. त्याने मला एका शब्दाने विचारले नव्हते. मी नोटीस लिहून काढली. तिच्या प्रती तहसील, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे, तिन्हीकडे जाणार होत्या.

"तारा त्यानं रानाला लावल्या," पत्नी म्हणाली, "तुमी कशाला गळ्याला लावून घ्यायलाव?"

सूनबाई पुण्याच्या एका कंपनीचे काम घरूनच करते. ती म्हणाली, "बाबा, टपालात कशाला जाता? माझ्या एजंटकरवी पाठवू."

"एजंट म्हणजे दलाल?"

"माणूस नाही हो. संगणकातला मदतनीस. हुशार आहे, पण खोलीत कोंडल्यासारखा. मी हा जो प्रोग्रॅम चालवते ना, तो त्याला दारं उघडून देतो. एक दार ई-मेलचं, एक पत्त्यांचं, एक कॅलेंडरचं."

तिने संगणकाच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्र नव्हते, बटण नव्हते. ती एक ओळ टंकित करी, थांबे, आणि खालून उत्तराची ओळ उमटे. येलदरी धरणाचे पाणी कालव्याला सुटले की कोरड्या मातीवरून त्याची पहिली धार जशी सावकाश सरकत येते, तशी ती पांढरी अक्षरे येत होती. मी पाहत राहिलो. रागाच्या भरातही मला गुंगी आल्यासारखे झाले.

प्रत्येक दाराशी खिडकी परवानगी विचारी. सूनबाई भराभर होकार देऊ लागली, तेव्हा मी तिला थांबवले.

"हे मुखत्यारपत्र आहे. न वाचता सही करायची नाही."

मग मी अटी सांगितल्या आणि तिने त्या लिहिल्या. मदतनिसाने पत्रे वाचावीत. मसुदा करावा. पाठवताना मात्र दर वेळी माझी संमती घ्यावी. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला पहिली प्रत मिळाल्याखेरीज कोणत्याही कचेरीला कागद जाऊ नये. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याला आधी ऐकवायचे, एवढी सभ्यता कायद्यात अजून शिल्लक आहे.

"बाबा, यंत्रालाही अटी?"

"अटी घातल्याशिवाय मी लग्नसुद्धा केलेले नाही."

"आन् एक बी पाळली न्हाई," आतून पत्नीचा आवाज आला.

नोटीस तयार झाली. मी संमती दिली. अक्षरे थोडा वेळ धावली आणि थांबली. सूनबाईने वाचून दाखवले: "प्रतिवादीचा ई-मेल पत्ता सापडला नाही. फोन क्रमांकही नाही. तुमच्या अटीनुसार कचेऱ्यांच्या प्रती थांबवल्या आहेत. या व्यक्तीशी तुम्ही एरवी संपर्क कसा साधता?"

बोटे कळांवर ठेवून ती माझ्याकडे पाहत होती. प्रश्न रास्त होता. त्याचा क्रमांक मी कधी टिपून घेतलेला नाही. हुरड्याचा धूर दिसला की मी जातो. विहिरीवर मी खाकरलो की तुरीतून त्याचे खाकरणे येते. लहानपणी नृसिंहाच्या दर्शनाला पोखर्णीपर्यंत आम्ही पायी गेलो होतो आणि अर्धी वाट काही बोललोच नव्हतो. पायांखालची ती ऊबदार धूळ मला त्या ओसरीवर जाणवू लागली.

"हाक मारतो," मी शेवटी म्हणालो.

तिने तसेच लिहिले. उत्तर आले: "हाक मारण्यासाठी कोणतीही सेवा जोडलेली नाही."

मी नोटिशीचा कागद खिशात घातला आणि रानाकडे निघालो. ऊन कलले होते. कुंपणाशी उभे राहून मी हाक मारली. तुरीतून डोके वर आले.

"काय वकीलसाहेब, नोटीस आणली का?"

"आणली आहे."

"वाच मग. हितं डुकरं हरभऱ्यात धिंगाणा घालायलेत, मी राखण करायलोय, आन् तू नोटिसा लिव्हायलास!"

"आणि माझी वाट?"

"फाटक बसवायचंय तुझ्यासाठी. लोहार देईना अजून. तू हिकडं फिरकलाच न्हाईस, सांगू कुणाला? तुरीला?"

"कुंपण घालण्यापूर्वी कळवणे तुझे कर्तव्य होते."

"मग आता कळवायलोय की! ये आत. हुरडा गार व्हायलाय."

त्याने खालची तार पायाने दाबली आणि वरची हाताने उचलून धरली. माझा हक्क अबाधित राखून मी वाकलो आणि त्या फटीतून पलीकडे गेलो.

घरी परतलो तेव्हा दिवे लागले होते. काळ्या खिडकीत एक लहानशी रेघ अजून लुकलुकत होती.

"बाबा, त्या प्रतींचं काय करू? मदतनीस थांबलाय."

"लिही," मी म्हणालो, "प्रतिवादीचे म्हणणे ऐकले. फाटक बसेपर्यंत स्थगिती."