नंबर म्हाळूकडं हाय

हनुमंत आप्पांसारखा चिवट ऑपरेटर दौंड तालुक्यात शोधून सापडला नसता. बाप गेणबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडला, आणि हा पठ्ठ्या आयटीआय करून सबस्टेशनच्या खुर्चीत बसला.

दोन हजार चार साली शेजारचा साखर कारखाना उसाच्या चिपाडावर वीज करून लाइनीत सोडायला लागला. झालं! सबस्टेशननं वीज बंद केली तरी कारखान्याकडून यायची भीती. म्हणून आप्पांनी रीत घातली. खांबावर चढण्याआधी लाइनमनला एक नंबर सांगायचा. काम उरकल्यावर त्यानंच तो फोनवर परत द्यायचा. मगच आप्पा कारखान्याला 'सोडा' म्हणणार, आणि त्याशिवाय कारखान्यानं स्विच टाकायचा नाही. पोरं चिडवायची, "आप्पा, काकी बी दार उघडायला नंबर मागत्यात का?" आप्पा हसायचे, पण नंबर घेतल्याशिवाय हलायचे नाहीत.

ऐन गाळपात एका दुपारी म्हाळू लाइनमन तीन जोडीदारांना घेऊन वर चढला. तासाभरानं फोन वाजला. कारखान्याच्या कंट्रोल रूममधून खुद्द चेअरमन पोपटराव!

"आप्पा, तुमच्या लाइनमनची जीप यवतकडं गेली, मी डोळ्यांनी पाहिली. काम झालंय. आमची वीज अडून पडलीय, सोडू ना?"

"नंबर आला न्हाई, साहेब."

"अहो, चेअरमन बोलतोय मी!"

"आवाज वळखला की. पर नंबर म्हाळूकडं हाय."

"उद्याच गडचिरोली दाखवतो तुम्हाला!"

आप्पांच्या घरी बाप अंथरुणाला खिळलेला, लेक प्रतिभा बारावीला. नुसतं 'सोडा' म्हणायचा अवकाश, सगळं मिटलं असतं. पण त्यांनी "न्हाई जमायचं" म्हणून फोन ठेवला. चेअरमनच्या तोंडावर! अशी छाती साहेबलोकांतही दिसत नाही हो.

पाऊण तास आप्पा फोनकडं बघत बसले. मग एका वस्तीवरनं म्हाळू बोलला, "आप्पा, सत्तेचाळीस. चौघंबी खाली उतरलो." आप्पांनी लगेच कारखान्याला फोन लावला. पोपटरावांनीच उचलला.

"साहेब, सोडा आता. म्हाळू उतरला."

"आत्ता उतरला? मग ती जीप?"

"सामान आणाया गेलती. तुमचा फोन आला तवा चौघंबी वरच व्हती."

पोपटराव अगदी हळू म्हणाले, "आप्पा, स्विचवर माझाच हात होता हो."