बोटभर ढिली केबल

माणिक फटफटीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला आन चाकाच्या मधातल्या ब्रेकच्या डब्यावर थुंकला. थुंकी चर्र करून उडून गेली.

"पाहा दादा. भाकर भाजता येते याच्यावर."

"मंग भाज," नीळकंठदादा म्हणाले. "पन उद्या पहाटे मले कालव्यावर जायचं आहे, तेवढं ध्यानात ठेव."

पुढचा ब्रेक धरून राह्यला होता. हात सोडला तरी आतले शू डब्याले चिकटलेलेच. चाक घासत चाले, गाडीले दम लागे, आन दादा सकाळचा कालवा पाहून नऊ वाजता परत येत तवा डबा तव्यासारखा तापलेला. पंधरा दिवसांत ही चौथी खेप होती.

दादा छत्री घेऊन पायीच ऑफिसात गेले. माणिक डबा निवायची वाट पाहत बसला, म्हणजे बसला नाहीच. दोनदा पानठेल्यावर जाऊन आला, एका सायकलवाल्याशी उगाच भांडला.

एका जागी त्याचं बूड कधी टेकलंच नाही. सातवीत मास्तरनं बाकावर उभं केलं, तर हा खिडकीतून उतरून जो घरी आला तो शाळेत परत गेला नाही. बापानं घराबाहेर काढलं. तवा बालाघाटात त्याले जवळ केलं ते पाटबंधारे खात्यातल्या ओवरसियर नीळकंठदादानं. दोन वर्षं माणिक त्यांच्या ओसरीवर झोपला. आशालतावहिनीनं पोटच्या लेकरासारखं जेऊ घातलं. पुढं तो मिस्त्रीकाम शिकला, बसस्टँडमागं चिंचेखाली त्यानं दुकान टाकलं, तरी दादाच्या घरचा माणूस तो राह्यलाच. एकदा पानठेल्यावर कोणी म्हणालं, ओवरसियर साहेबाची गाडी संध्याकाळी भरवेलीकडून येते तवा रस्त्याचे दोन्ही काठ मोजत येते. माणिकनं त्याची सायकल उचलून नालीत टाकली. मंग विचारलं, "अजून काही म्हनायचं आहे?"

डबा निवेपर्यंत ऊन चांगलं वर आलं. माणिकनं गाडी स्टँडवर लावली आन चाकाले हात मारला. चाक भिंगरीसारखं फिरलं. कुठं घासणं नाही, काही नाही. दर खेपेले हेच होत होतं. सकाळी धरते, दुपारी सोडते.

तरी त्यानं चाक उतरवलं. आधीच्या तीन खेपांमंदी काय करायचं बाकी ठेवलं होतं? शू घासून झाले, डब्यातली काळी धूळ पुसून झाली, शू मागं ओढणारी स्प्रिंग नवी टाकून झाली, शू फाकवणारी कॅम काढून, गंज खरवडून, ग्रीस लावून झाली. केबलमंदी वरून तेल सोडलं, तवा हँडलवरचा दसऱ्याच्या पूजेचा लाल नाडा त्यानं अंगठ्यानं बाजूले सरकवला आन सवयीनं अंगठा कपाळाले लावला. दसऱ्याचा नाडा कोणाच्या गाडीले नसते?

राह्यली एक गोष्ट. दसऱ्याच्या वक्ताले तो धानकापणीसाठी खैरलांजीले बहिणीकडं गेलता. तेवढ्यात दादानं ब्रेकचे शू भरवेली रस्त्यावरच्या दुलीचंद मिस्त्रीकडून बदलून घेतले. माणिक परत आला आन पाहते तर केबल बोटभर ढिली. ब्रेकची दांडी हलवली तर आधी नुसतीच खुळखुळ हाले. त्याले हसू आलं. दादाची गाडी आन असं काम! त्यानं केबल तवाच कसली. मंग ब्रेक चिकटाले लागला तेही तवापासूनच, पण माणिकच्या डोक्यात हिशेब उलटा बसला. बाहेरचा हात लागला आन गाडी बिघडली, असा.

त्यानं दोन्ही शू कापडात गुंडाळले आन सायकलीनं सरळ दुलीचंदच्या दुकानी गेला.

दुलीचंद चाळिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. भरवेलीच्या खाणीतल्या लोकांच्या सायकली आन फटफट्या तो दुरुस्त करे. त्या दिवशी त्याच्या बाकड्यावर बाबूलाल ठेकेदार चहा पीत बसले होते. खाणीतला माल वाहणारे त्यांचे नऊ ट्रक, स्वतःचं ग्यारेज. दुलीचंदले एक तारखेपासून तिथं मुख्य मिस्त्री म्हणून घ्यायचं ठरलं होतं, राहाले पक्की खोली देणार होते. हे सगळ्या रस्त्याले ठाऊक होतं. माणिकलेही ठाऊक होतं.

त्यानं शू जमिनीवर आपटले.

"हे तुमी बसवले?"

दुलीचंदनं एक शू उचलला, बोटानं चाचपला. "हौ. बरोबर आहेत."

"बरोबर? चार खेपा चाक उतरवलं मी. डबा जळून राह्यला. दादा पडले-झडले असते तर तुमी येनार होते उचलाले?"

"शू बरोबर आहेत, मानिक."

"मंग केबल कोनं ढिली ठेवली? बोटभर ढिली. दाबली तर अर्धी हवेतच जाते."

"मी ठेवली."

"काहून?"

दुलीचंद शू खाली ठेवून रस्त्याकडं पाहत राह्यला. एक बैलगाडी गेली, तिची धूळ खाली बसली.

"काहून ठेवली म्हनून विचारून राह्यलो ना मी. सांगा ना ठेकेदारसाहेबाले बी. का बोटभर ढिली केबल ही नवीन फ्याशन आहे?"

बाकड्यावरचे दोन खाणमजूर हसले. बाबूलालनं कप खाली ठेवला.

"दुलीचंद, लड़का पूछ रहा है. जवाब तो दो."

"जवाब नाही, साहेब," दुलीचंद म्हणाला. "ठेवली, बस."

"मेरे ट्रक भरवेली के घाट से उतरते हैं भाई. उनके ब्रेक भी ऐसे ही रखोगे?" असं म्हणून बाबूलाल उठले. अर्धा चहा कपातच राह्यला.

माणिक छाती फुगवून परत आला. शू परत बसवले, केबल अजून अर्धा आटा कसली.

चार-पाच दिवसांनी वहिनीनं निरोप पाठवला, विहिरीची गडगडी अडकली आहे, येऊन पाहा. माणिक सकाळी सहालेच गेला. धुकं होतं. पेरूच्या झाडाखाली फटफटी उभी, टाकी दवानं भिजलेली. जाताजाता त्यानं सहज चाकाले लाथेनं ढकललं. फिरलं नाही. त्यानं खाली बसून पाह्यलं, मंग वर पाह्यलं.

ब्रेकची दांडी पुरी सुटलेली नव्हती. हँडलकडं ओढलेली होती, करंगळीभर. तिले ओढून धरलं होतं त्या लाल नाड्यानं. सात-आठ पदरांचा सुती नाडा दांडी आन हँडल दोन्हीले मिळून गुंडाळलेला, खाणीच्या धुळीनं काळा पडलेला. दवानं भिजून आखडला होता, तारेसारखा ताठ. ऊन पडलं की तो वाळे, सैल होये, दांडी सुटे. रात्री भिजे, परत आखडे. आन केबल बोटभर ढिली असती तर दांडी तेवढी ओढली गेल्यानं शूले काहीच कळलं नसतं.

माणिकनं खिशातून पत्ती काढली आन नाडा कापला. दांडी टक करून बाहेर आली. चाकाले ढकललं, चाक फिरलं.

फिरणाऱ्या चाकाकडं तो पाहत राह्यला. त्याचे कान तापले. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. त्यांनी खाली पडलेले नाड्याचे तुकडे पाह्यले, वाकून एक एक उचलले, पदरात बांधले, आन म्हणाल्या, "गडगडी पाहतोस ना रे?" त्यानं पाह्यली. चहा न पिता निघाला.

आता जायचं होतं बाबूलालकडं. सांगायचं होतं चार शब्द: चूक माही होती, दुलीचंदची नाही. एक तारखेले अजून अकरा दिवस होते.

पहिल्या दिवशी तो ग्यारेजच्या फाटकापर्यंत गेला. आत ड्रायव्हर लोक पत्ते खेळत होते. त्यांच्या समोर कसं सांगावं? परत आला. दुसऱ्या दिवशी कामं फार होती, असं त्यानं स्वतःले सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाबूलाल गोंदियाले गेलते, ते ऐकून त्याले बरं वाटलं, आन बरं वाटलं म्हणून स्वतःच्याच तोंडावर मारून घ्यावं असं वाटलं. लोक अजून त्या दिवसाची नक्कल करत. पानठेल्यावर कोणाले काही ढिलं दिसलं की तो म्हणे, "दुलीचंदचं काम दिसते." माणिक मान खाली घालून पान घेई आन निघून जाई. सायकल नालीत फेकणारा माणूस, पण यावेळी त्याचा हात उठला नाही. कोणाची फेकावी? बोल तर त्याचेच होते.

तो गेला तवा दोन तारीख होती.

"साहेब, त्या दिवशी दुलीचंदची चूक नव्हती. हँडलले नाडा होता, तो आखडत होता. मले दिसला नाही."

बाबूलाल कागदं पाहत होते. "अच्छा. पर भाई, अब तो गोंदिया से आदमी ले आया. कल से काम पर है." मंग वर पाहून म्हणाले, "तुझे कब पता चला?"

माणिक खोटं बोलू शकला असता. "बारा दिवस झाले," तो म्हणाला.

बाबूलालनं त्याच्याकडं जे पाह्यलं, ते पाहणं माणिकले पुढं कितीतरी वर्षं आंघोळ करताना, चाक फिरवताना, कधीही आठवे.

तिथून तो दुलीचंदकडं गेला. दुलीचंद सायकलचं पंक्चर काढत होता.

"दुलीचंदभाऊ, नाडा होता. दांडीले बांधलेला."

दुलीचंदचा हात थांबला. "कापला का तू?"

"हौ."

त्यानं ट्यूब परत घासाले घेतली. "बरं. कोनाले सांगितलं?"

"बाबूलालले. पानठेल्यावर बी सांगनार आहे आता. साऱ्याइले."

"नको."

"काहून नको? तुमचं नाव खराब केलं मी."

"नको म्हनतो ना. नाड्याचं नाव कुठं काढू नको. झालं ते झालं."

माणिकले वाटलं, हा आपल्याले माफ करून अजून खाली दाबून राह्यला. शिव्या दिल्या असत्या, पान्हा फेकून मारला असता, तर तो दुलीचंदच्या पायाशी बसला असता. तसं काही झालं नाही. दुलीचंदनं ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे पाह्यले. माणिक निघाला.

त्याच उन्हाळ्यात दुलीचंद दुकान उचलून लामत्याले गेला. तिथं सायकली दुरुस्त करे. माणिकचं दुकान वाढलं. ग्यारेजमंदी त्याले बोलावणं आलं, तो गेला नाही. काहून, ते त्यानं बायकोलेही सांगितलं नाही. गिऱ्हाईकानं दुसऱ्या मिस्त्रीले नाव ठेवलं की तो म्हणे, "गाडी ठेवा आन जा. बोलू नका." जुने लोक म्हणत, मानक्या उद्धट होताच, आता घुम्मा बी झाला.

नीळकंठदादा पंचाहत्तर साली पोटाच्या आजारानं गेले. तेरवी झाल्यावर माणिक ओसरीवर बसला होता, तवा वहिनीनं त्याले सांगितलं. तो नाडा दसऱ्याचा नव्हता. दादाची दारू सुटावी म्हणून त्यांनी देवीले नवस बोलून बांधलेला होता. तो कापायचा नव्हता, आपोआप गळून पडाले पाहिजे होता, आन नवस कोणाले कळाले नको होता. शू बदलताना दुलीचंदनं तो पहिल्याच दिवशी पाह्यला आन विचाराले घरी आला. वहिनीनं त्याले हात जोडले. त्यानं नाड्याले हात लावला नाही. केबल बोटभर ढिली करून देल्ली, आन कोणाले सांगणार नाही म्हणून शब्द देऊन गेला.